ध्रुवीय प्रकाशाच्या जहाजसफरी : जाहिरातीत महिना, अक्षांश आणि सेकंद छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत गेले काही आठवडे ‘नॉर्दर्न लाइट्स क्रूझ’च्या, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश दाखवणाऱ्या जहाजसफरींच्या, मोठमोठ्या जाहिराती येत आहेत. त्यांतील बहुतेकींत एकाच धाटणीचे छायाचित्र असते : खाली दिव्यांनी उजळलेले जहाज, वर आकाशभर पसरलेला गर्द हिरवा पडदा. ठाण्यातील अनेक निवृत्त मंडळी सध्या अशा सफरींची चौकशी करीत आहेत आणि माणशी काही लाख रुपये मोजण्याच्या तयारीत आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी विद्युत अभियंता म्हणून नोकरी केली, छायाचित्रणाचा छंद मला तीस वर्षांपासून आहे आणि गेल्या फेब्रुवारीत पत्नीसह नॉर्वेच्या किनाऱ्याने ही सफर करून आलो. प्रकाश आम्हाला दिसला, आणि तो आयुष्यभर पुरेल असा दिसला. तरीही ही सफर ज्या पद्धतीने विकली जाते, त्याबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

तक्रारीचे कारण माझ्या शेजारीच राहते. आमच्या इमारतीतील एक जोडपे, दोघेही शाळेतून निवृत्त झालेले, नातवाच्या शाळेला सुटी म्हणून मे महिन्याच्या अखेरीस एका प्रवासी कंपनीतर्फे नॉर्वेच्या फ्योर्डची, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांची, जहाजसफर करून आले. पत्रकाच्या मुखपृष्ठावर हिरवा पडदा होता आणि ‘ध्रुवीय प्रकाशाच्या देशात’ अशी ठळक ओळ होती. परत आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तिथे रात्रच झाली नाही हो.” त्यांचे जहाज गाइरँगरपर्यंत, म्हणजे साधारण ६२ अंश उत्तरेपर्यंतच गेले होते. मे अखेरीस त्या भागात रात्री साडेअकरा वाजताही आकाशात इतका उजेड असतो की तारेसुद्धा धड दिसत नाहीत. सहलप्रमुखाने खापर नशिबावर फोडले. त्यात नशिबाचा काडीचाही संबंध नव्हता. त्या तारखांना, त्या अक्षांशावर हा प्रकाश दिसणार नाही, हे पत्रक छापले त्या दिवशीच सांगता आले असते.

सूर्याकडून सतत वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अडवते आणि त्या झोतातील ऊर्जा शेवटी उत्तर व दक्षिण चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्याच्या आकाराच्या पट्ट्यात वातावरणावर येऊन उतरते. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनच्या अणूंतून हिरवा प्रकाश निघतो, २०० किलोमीटरच्या वर त्याच ऑक्सिजनचा लाल, आणि खालच्या कडेला कधी नायट्रोजनचा जांभळट-गुलाबी. नॉर्वेचा उत्तर किनारा या पट्ट्याच्या थेट खाली येतो. ट्रोम्सो शहर ६९ अंशांच्याही वर आहे. तेथे हा प्रकाश दिसायला सूर्यावर मोठे वादळ व्हावे लागत नाही. सूर्य बऱ्यापैकी शांत असतानाही निरभ्र रात्री आकाशात फिकट कमान उमटते. तेथे प्रश्न असतो तो अंधाराचा आणि ढगांचा.

अंधाराचे गणित पक्के आहे. ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै या काळात सूर्य मावळतच नाही, आणि एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत रात्र अशी होतच नाही. म्हणजे आपली उन्हाळी सुटी संपूर्ण बाद. अलास्काच्या जहाजसफरींचेही तसेच आहे. त्या मुख्यतः मे ते सप्टेंबर चालतात आणि त्यांतील शेवटच्या काही आठवड्यांतच अंधाराची थोडीफार साथ मिळते. याउलट आपली दिवाळीची सुटी या कामासाठी उत्तम, कारण लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि त्या सुमारास चंद्राचा अडथळा नसतो. हिवाळ्यातली पौर्णिमा तिकडे त्रासदायक ठरते. चंद्र आकाशात खूप वर चढतो आणि डिसेंबरच्या आसपास तर तो मावळायलाच तयार नसतो. प्रकाश जोरदार असेल तर चांदण्याने बिघडत नाही, उलट बर्फाचे डोंगर उजळल्याने चित्र खुलते. पण प्रकाश मंद असेल तर तो चांदण्यात विरघळून जातो. सफरीची तारीख ठरवताना घरातले पंचांग किंवा दिनदर्शिका उघडून कृष्ण पक्ष पाहावा, एवढे साधे काम आपल्याकडे कुणालाही जमेल.

ढगांचे मात्र गणित मांडता येत नाही, फक्त रात्रींची संख्या वाढवता येते. जहाजसफरीची खरी ताकद येथे आहे आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरातीत नसते. नॉर्वेच्या नैर्ऋत्येकडील बर्गन ते ईशान्य टोकाचे किर्केनेस ही किनारी जहाजसेवा १८९३ पासून चालू आहे. ३४ बंदरे घेत जाऊन-येऊन १२ दिवसांचा तो प्रवास आहे. जहाज चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त, म्हणजे साधारण साडेसहासष्ट अंश उत्तरेची रेषा, ओलांडते, सातव्या दिवशी किर्केनेसला पोहोचते आणि दहाव्या दिवशी सकाळी वृत्ताच्या दक्षिणेला परत येते. म्हणजे १२ दिवसांपैकी वृत्ताच्या उत्तरेला रात्री मिळतात सहा. फक्त जाण्याचे तिकीट घेणाऱ्यास मिळतात तीनच. हिशेबापुरते असे धरू की, कोणत्याही एका रात्री ढगांना पुरेशी फट पडण्याची शक्यता तीनांत एक आहे. तर एका रात्रीत प्रकाश दिसण्याची शक्यता ३३ टक्के, तीन रात्रींत साधारण ७० टक्के आणि सहा रात्रींत ९० टक्क्यांच्या वर जाते. प्रत्यक्षात कमी दाबाचा पट्टा आला की दोन-तीन रात्री सलग ढगाळ जातात, त्यामुळे आकडे इतके सरळ उतरत नाहीत. पण तीन आणि सहा यांतला फरक केवढा आहे हे यावरून कळावे. ‘१२ दिवस नॉर्दर्न लाइट्स’ असे छापणारा विक्रेता ग्राहकाला दुप्पट संधी दाखवतो, हेही कळावे.

याच मार्गावरची हर्टिगरुटेन ही जुनी कंपनी हिवाळ्यातील संपूर्ण फेरीत जहाजावरून प्रकाशाची एकदाही घोषणा झाली नाही, तर ठरावीक अटींवर पुन्हा एक सफर मोफत देते. या पाण्यात शंभर वर्षांहून अधिक काळ वावरलेले लोक शब्द देतात तो फक्त लांब फेरीसाठी आणि फक्त हिवाळ्यासाठी, आणि त्यात पैसे परत देण्याचे कलम नाही. आपल्याकडे मात्र चार रात्रींच्या सफरीवर ‘हमखास दर्शन’ असे बिनदिक्कत छापले जाते.

आणखी एक वाक्य सर्रास वाचायला मिळते : ‘सौर कमाल संपत आली, आता नाही तर पुढची अकरा वर्षे नाही.’ हे चूक आहे. सूर्यावरील डागांचे सुमारे ११ वर्षांचे चक्र असते, सध्याचे पंचविसावे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कमाल काळ, म्हणजे डाग सर्वाधिक असण्याचा काळ, आल्याचे नासाने जाहीर केले, इथपर्यंत खरे. पण कमाल काळाचा मोठा फायदा दक्षिणेकडच्या देशांना होतो, कारण मोठ्या वादळात प्रकाशाचा पट्टा खाली सरकतो. १० व ११ मे २०२४ च्या वादळात तर लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही आकाशातली लाल आभा टिपली. ७० अंशांवर बसलेल्या माणसाला त्याची गरज नाही. उतरत्या काळात सूर्याच्या बाह्य वातावरणातील किरीट विवरांतून (कोरोनल होल) कणांचे वेगवान झोत बाहेर पडतात आणि सूर्याच्या परिवलनाबरोबर साधारण २७ दिवसांनी पुन्हा आपल्याकडे वळतात; उत्तर नॉर्वेत त्यामुळे चांगल्या रात्री येतच राहतात. घाईने कर्ज काढून किंवा ठेव मोडून जाण्याचे काहीच कारण नाही.

या विषयाशी आपल्या भागाचे नाते फार जुने आहे, ते येथे नोंदवावेसे वाटते. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध सौर वादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींत मोठी घसरण टिपली गेली आणि जगभरचे संशोधक आजही त्या नोंदी वापरतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसल्याची नोंद आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजमापे बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. ती आजही चालू आहे आणि तिचे काम पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवी पनवेलमध्ये आहे. ज्या परिसरात दीडशेहून अधिक वर्षे हे मोजमाप अखंड चालू आहे, तेथील वाचकाला ‘दिसेल हो, नशीब असेल तर’ असे उत्तर मिळू नये.

आता आमच्या प्रवासाविषयी, कारण शक्यता म्हणजे प्रत्यक्षात काय हे त्यातून कळेल. आम्ही बर्गनहून किर्केनेसपर्यंत गेलो आणि परतीच्या वाटेवर मध्यरात्रीच्या सुमारास ट्रोम्सोला उतरून तेथे दोन रात्री राहिलो. आर्क्टिक वृत्त ओलांडल्यानंतरची पहिली रात्र लोफोटेन बेटांजवळ हिमवर्षावात गेली. दुसऱ्या रात्री ट्रोम्सो सोडल्यावर ढगांच्या फटीतून जेमतेम दहा मिनिटे फिकट पट्टा दिसला. तिसऱ्या रात्री उघड्या समुद्रात जहाज इतके हेलकावत होते की खलाशांनी बाहेरचा डेकच बंद केला. चौथ्या रात्री, किर्केनेसहून परत निघाल्यावर, जेवणानंतर साडेनऊच्या सुमारास खोलीतल्या ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली. आम्ही वर पोहोचलो तेव्हा क्षितिजालगत एक राखाडी कमान होती. पत्नीला तो ढगच वाटला. पाच-सात मिनिटांनी ती कमान पूर्वेकडून उजळू लागली, तिच्यात उभ्या रेघा उमटल्या, आणि पाहता पाहता अख्खा पडदा डोक्यावरून सरकत दक्षिणेला गेला. खालची कड गुलाबी होऊन दोऱ्यासारखी थरथरत होती. डेकवर पन्नासेक माणसे असतील, पण आवाज फक्त इंजिनाचा आणि वाऱ्याचा. पत्नीने माझा दंड घट्ट धरला होता आणि माझ्या गळ्यातला कॅमेरा मी विसरून गेलो होतो. तो चाळीस मिनिटांचा खेळ होता. पाचव्या रात्री, ट्रोम्सोला उतरेपर्यंत, पुन्हा ढगच.

पाच रात्रींत एक पूर्ण आणि एक अर्धी. सोबतच्या अनुभवी प्रवाशांच्या मते आमचे नशीब चांगलेच होते.

छायाचित्राबाबत मात्र जाहिराती सर्वांत जास्त दिशाभूल करतात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. जमिनीवर तिपाई रोवून ८-१० सेकंद शटर उघडे ठेवता येते. जहाजावर ते शक्य नाही, कारण जहाज एकाच वेळी पुढे जाते, डोलते आणि इंजिनामुळे थरथरते. जाण्यापूर्वी मी भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीच्या संध्याकाळच्या फेरीत सराव केला होता. किनाऱ्यावरचा प्रत्येक दिवा चार सेकंदांच्या चित्रात गांडुळासारखा वाकडा आला, एका सेकंदाच्या चित्रात ठिपक्यासारखा. नॉर्वेत ताऱ्यांचे नेमके तसेच झाले. तिपाईचे पाय पोलादी डेकवर टेकले की इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात शिरते. पायांखाली रबरी चटईचे तुकडे ठेवल्याने थोडा फरक पडला. त्याहून जास्त फरक पडला तो तिपाई मिटवून, पाठ भिंतीला टेकवून, कॅमेरा छातीशी धरून काढल्याने, कारण शरीर ती थरथर बरीचशी शोषून घेते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० ते ६४००, भिंगाचे छिद्र एफ २.८ किंवा त्याहून उघडे, शटर एक ते दोन सेकंद, आणि भिंग शक्य तितके रुंद : जहाजावर एवढाच वाव असतो. फोकस आपोआप लागत नाही. तो दिवसा दूरच्या डोंगरावर लावून, भिंगावरची फोकसची कडी चिकटपट्टीने पक्की करून ठेवावी. मी दुसऱ्या रात्रीपर्यंत हे केले नव्हते आणि ढगांच्या त्या मोजक्या फटीतली सगळी चित्रे धूसर आली, असे पुन्हा घडू नये म्हणून मग हातमोजे काढून पट्टी लावली. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. आत येण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि तासाभराने उघडावा, अन्यथा उबदार खोलीत काचेवर दव धरते. वाऱ्याबरोबर खारे तुषारही येतात. कोरडे फडके हाताशी हवे. हल्लीच्या चांगल्या मोबाइलवर रात्रीच्या मोडमध्ये दोन-तीन सेकंदांचे चित्र बऱ्यापैकी येते, तेव्हा केवळ या सफरीसाठी महागडा कॅमेरा घेण्याचा आग्रह मी कुणालाही करणार नाही. फ्लॅश मात्र कृपया बंद ठेवावा. शंभर किलोमीटर वरच्या प्रकाशावर त्याचा परिणाम शून्य, आणि शेजारी उभ्या असलेल्या पन्नास जणांचे अंधाराला सरावलेले डोळे क्षणात दिपतात.

डोळ्यांचा मुद्दा तर प्रत्येक पत्रकावर छापला पाहिजे. अंधारात आपल्या दृष्टिपटलावरील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग जवळजवळ कळत नाहीत, आणि डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. त्यामुळे मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी दिसतो आणि तोच कॅमेऱ्यात हिरवागार येतो, कारण कॅमेरा सेकंदभर प्रकाश साठवत राहतो. जोरदार खेळात हिरवा व गुलाबी रंग डोळ्यांनाही स्वच्छ दिसतो, आम्ही तो पाहिला. पण पहिल्या पाच मिनिटांत ‘हेच का ते?’ म्हणून खाली निघून जाणारे प्रवासीही मी पाहिले आणि त्यांच्यासाठी मला मनापासून वाईट वाटले, कारण कमान त्यानंतरच उजळली. त्यांना कुणी आधी सांगितले असते, तर ते थांबले असते.

जहाजाचे दिवे हा यातला शेवटचा, पण मोठा अडथळा. मार्गदर्शक दिवे कायद्याने चालू ठेवावेच लागतात; डेकवरचे इतर दिवे मात्र मंद करता येतात. आमच्या जहाजावर ते घोषणेबरोबर मंद केले गेले. मोठ्या क्रूझवर तरणतलाव, उपाहारगृहे आणि जाहिरातींचे पडदे रात्रभर झगमगत असतील, तर कितीही उत्तरेला गेले तरी आकाश झाकोळून जाते. जाहिरातीतले ते दिव्यांनी उजळलेले जहाज आणि वरचा पडदा या दोन गोष्टी एका चित्रात मावतात तेव्हा ते चित्र बहुधा किनाऱ्यावरून, तिपाईवरून काढलेले असते.

ट्रोम्सोच्या दोन रात्रींपैकी एका रात्री आम्ही लहान बसने फिनलंडच्या सीमेच्या दिशेने आत गेलो. किनाऱ्यावर दाट ढग होते, पण डोंगर ओलांडताच आकाश निरभ्र झाले. जमीन स्थिर होती, तिपाई स्थिर होती, मी ८ सेकंदांची चित्रे काढली आणि ती जवळजवळ सगळी चांगली आली. जहाजावर काढलेल्या २१२ चित्रांपैकी २३ धड आहेत. ज्याला उत्तम छायाचित्र हवे असेल, त्याने जहाजसफरीला जमिनीवरच्या किमान दोन रात्री जोडाव्यात, असे माझे मत झाले आहे. ज्याला फक्त डोळे भरून पाहायचे असेल आणि ज्याचे गुडघे बर्फात तासन्‌तास उभे राहू देत नसतील, त्याला मात्र जहाजासारखी सोय नाही : घोषणा होईपर्यंत उबेत बसावे आणि दोन जिने चढून वर यावे. आमच्या वयाच्या मंडळींनी बुटाखाली लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या तेवढ्या न विसरता न्याव्यात, कारण डेकवर गोठलेले पाणी डोळ्यांना दिसत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे हाही तिचा भाग आहे. माझ्या शेजाऱ्यांनी तक्रार करण्याचे मनावर घेतले नाही. वयाच्या सत्तराव्या वर्षी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार, असे ते म्हणतात. म्हणून माझी विनंती आपल्याला आहे. ध्रुवीय प्रकाशाच्या नावाने येणारी जाहिरात स्वीकारताना विक्रेत्याकडून आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला किती रात्री मिळणार आणि त्या तारखांना अंधार किती तास असतो, एवढे लिहून घ्यावे आणि ते जाहिरातीतच छापावे. डेकवरचे दिवे मंद होतात का आणि रात्री उठवण्याची सोय आहे का, हे ग्राहकांनी पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. शेजाऱ्यांनी पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जायचे ठरवले आहे, या वेळी पूर्ण फेरीचे तिकीट काढून. कृष्ण पक्षाच्या तारखा वहिनींनी स्वतः दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवल्या आहेत.

पत्रासोबत माझी दोन छायाचित्रे पाठवीत आहे. एक जहाजावरून दीड सेकंदात काढलेले, ज्यात तारे किंचित वाकडे झाले आहेत. दुसरे ट्रोम्सोच्या पलीकडे जमिनीवरून आठ सेकंदांत काढलेले. छापणार असाल तर कृपया दोन्ही शेजारी शेजारी छापावीत, आणि प्रत्येकाखाली सेकंद लिहावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विद्युत अभियंता,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)